कागदांची पिशवी



हा अंक हाती घेतला तेव्हा माझं घर खोक्यांत होतं. अकरा महिन्यांचा करार संपला होता. वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळणं, डबे बांधणं, गॅसचं पुस्तक शोधणं माझ्याकडे. नवऱ्याने टेम्पो ठरवला, आणि 'घर हलवलं' असं तोच सांगतो! असो.

माळ्यावरच्या फाईलमध्ये जुने तीन करार सापडले. एकावरही माझं नाव नाही. भाडं मात्र निम्मं मी भरते. केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला मी विचारते, "तुझे कागद कुठायत?" बहुतेकींचे सासरच्या कपाटात असतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने नवऱ्याच्या नावच्या भाड्याच्या घरातही बाईला राहण्याचा हक्क दिलाय. पण तो मागताना आपण तिथे राहत होतो, हे दाखवणारे कागद कामी येतात.

नव्या करारात दोघांची नावं घाला म्हटलं. एजंट हसला, "ताई, गरज काय?" नवरा गप्प. मी डिपॉझिटचा चेक पर्समध्येच ठेवला. दोन दिवसांनी नवा मसुदा आला.

पदवी, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या मी एका कापडी पिशवीत घातल्या. ती टेम्पोत चढवली नाही, खांद्याला अडकवून नेली.