शून्य इंचाचं आयलंड

ढाणकीच्या घराचं काम काढलंय. धाकट्या भावाचं फर्मान: स्वयंपाकघरात आयलंड पाहिजेच! मोबाईलवर फोटोही तयार. आता जरा हिशोब करू. खोली ८ फूट रुंद, म्हणजे ९६ इंच. ओट्याला २४ गेले, उरले ७२. आयलंडच्या दोन्ही बाजूंना माणसाला धड वळायला ३६-३६ इंच लागतात. आयलंडला उरलं काय? शून्य! भिंतीला चिकटवलं तर ते बेट कसलं, दुसरा ओटाच की.

'जुनंच बरं, खाली बसून विळीवर चिरावं' म्हणणारेही मला पटत नाहीत. ते स्वतः कधी विळीवर बसत नाहीत आणि आईचे गुडघे त्यांचे नाहीत.

१९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्कीने फ्रँकफर्टच्या छोट्या घरांसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. त्यात आयलंड नव्हतं. खिडकीशी कामाचं टेबल आणि बसायला स्टूल होतं. तिने आधी काम करणाऱ्या बाईची पावलं मोजली.

आम्ही? आईला विचारलंच नव्हतं. शेवटी विचारलं, तर म्हणाली, "मले बसून भाजी चिराले जागा पाह्यजे, बस."

खिडकीखाली बिजागरीची फळी आणि एक स्टूल. ठरलं. भावाला आयलंड हवंच असेल तर आधी महिनाभर पोळ्या लाटाव्यात, मग बोलू.