समोसे आधी करून ठेवताना

२०२५च्या जुलै महिन्यात समोसा काही दिवस बातम्यांत गाजला. नागपूरच्या एम्समध्ये आणि इतर केंद्रीय कार्यालयांत समोसा-जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा लागणार, अशी चर्चा सुरू झाली. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला, की कोणत्याही विशिष्ट पदार्थावर असा इशारा नाही. पदार्थांत दडलेल्या तेल-साखरेची जाणीव करून देणारे फलक कार्यालयांत लावावेत एवढीच सूचना आहे. तोवर विनोद फिरून झाले होते, समोशाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलून झाले होते. त्या साऱ्या गदारोळात समोशात किती तेल असते हे घराघरांत पोहोचले. समोसा केला कधी आणि खाल्ला कधी, या दोहोंमध्ये तो कुठे आणि किती अंशांवर पडून होता, हे मात्र कोणी विचारले नाही. तेलाचा हिशोब शरीर वर्षानुवर्षे मांडत असते. दुसरा हिशोब एका रात्रीत चुकता होतो.

समोसे आधी करून ठेवण्याची सोय आता अनेक घरांत रुळली आहे. रमजान सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात मुंबई, भिवंडी, मालेगावच्या घरांत बायका एकत्र बसून पट्टी समोसे वळतात आणि महिनाभराच्या इफ्तारीसाठी फ्रीझरमध्ये रचतात. मुलाच्या वाढदिवसाला पन्नास समोसे लागणार असतील तर आई दोन दिवस आधीच कामाला लागते. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरून घरी पोहोचणाऱ्या बाईने बटाटे उकडण्यापासून सुरुवात करायची म्हटले, तर पाहुणे जेवणाच्या वेळेपर्यंत ताटकळतील. तेव्हा आधी करून ठेवण्यात आळस नाही, गैर तर काहीच नाही. ‘नेहमी ताजेच करावे’ हा उपदेश बहुधा ज्याला ओट्याशी उभे राहायचे नसते त्याच्याकडून येतो. नीट केलेला आणि नीट गोठवलेला समोसा दुकानातल्या, दिवसभर काचेच्या कपाटात ठेवलेल्या समोशापेक्षा सुरक्षित असतो. प्रश्न आहे तो ‘नीट’ या शब्दाचा.

बहुतेक घरांत काय होते पाहा. रात्री साडेदहाला बटाट्याचे किंवा खिम्याचे सारण तयार होते. ते पातेल्यातच, झाकण ठेवून, ओट्यावर निवायला ठेवले जाते. ‘गरम फ्रीजमध्ये ठेवू नये’ हे लहानपणापासून ऐकलेले असते. सकाळी डबे, शाळा, कामे आटोपून अकराच्या सुमारास समोसे भरायला घेतले जातात, ताटात मांडून ओल्या फडक्याखाली ठेवले जातात आणि संध्याकाळी सहाला कढईत जातात. म्हणजे शिजवलेले सारण जवळजवळ वीस तास स्वयंपाकघराच्या तापमानात राहिले. मे महिन्यातले स्वयंपाकघर मुंबईतही तिशीच्या वर असते. विदर्भातले तर विचारूच नये.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टापू. पातेल्यातले सारण वरून गार लागले तरी मधला गोळा कित्येक तास कोमट असतो आणि कोमटपणा जंतूंना सर्वांत मानवतो. खिम्याच्या सारणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू असू शकतो. शिजवताना तो मरतो, पण त्याचे बीजाणू उकळत्या तापमानातही तगतात आणि सारण निवू लागले की पुन्हा जागे होतात. चाळिशीच्या पुढच्या अंशांत त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. बारा मिनिटे धरली तरी दोन तासांत एकाचे हजार होतात. बटाट्यासारख्या पिठूळ पदार्थात बॅसिलस सिरियस वाढतो. कुकरमध्ये बटाटा उकडताना त्याचे बीजाणू बरेच कमी होतात हे खरे. पण नंतर धणे-जिरे पूड, मिरी, कोथिंबीर घालून सारण दोन मिनिटे परतले, की मसाल्यातले बीजाणू पुन्हा हजर. तिसरा जंतू माणसाच्या हातांवर आणि नाकात असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. उकडलेले बटाटे हातांनी सोलताना आणि कुस्करताना, विशेषतः बोटाला कापलेले किंवा पिकलेले असेल तर, तो थेट सारणात उतरतो.

यावर ठरलेले उत्तर असते, ‘अहो, नंतर उकळत्या तेलात तळतो की, सगळे मरते.’ हे अर्धेच खरे आहे. तेल १६० अंशांवर असले तरी समोशाच्या पोटात तेवढी उष्णता जात नाही. सारणात पाणी आहे तोवर आतले तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि घाईने मोठ्या आचेवर तळले तर ते ५०-६० वरच थांबते; पारी मात्र लालबुंद झालेली असते. आत ७५ अंश गाठले तर वाढलेले जंतू मरतील. पण बॅसिलस सिरियस आणि स्टॅफिलोकॉकस यांचे काही वाण सारणात आधीच विष तयार करून ठेवतात आणि ते विष तळणाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. बॅसिलसचे उलटी आणणारे विष तर १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. जंतू मेले तरी त्यांचे विष ताटात येते. त्याला वास नसतो, वेगळी चव नसते. ‘वास घेऊन पाहिला, चांगला होता’ ही खात्री म्हणूनच फसवी.

बचावाचा सगळा डाव सारण किती झटपट थंड होते यावर आहे. इथे फ्रीजपेक्षा परात कामाची. पदार्थाच्या थराची जाडी निम्मी केली, तर मधला भाग थंड व्हायला साधारण चौथाई वेळ पुरतो. पातेल्यात बोटभर नव्हे तर वीतभर खोल असलेले सारण दोन मोठ्या परातींत किंवा ताटांत पातळ पसरावे, वर पंखा सोडावा, मधून उलथन्याने परतावे. अर्ध्या-पाऊण तासात वाफ जाते. कोमट झाले की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये पोहोचलेच पाहिजे. कडक उन्हाळ्यात एका तासात. गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवू नये, या म्हणण्यात तथ्य एवढेच, की वाफाळते मोठे पातेले आत ढकलले तर शेजारचे दूध-दही तापते आणि पातेल्याचा मध्यभाग तरीही लवकर थंड होत नाही. कोमट, पसरट डब्याने फ्रीजचे काही बिघडत नाही. गार सारण फ्रीजमध्ये एक रात्र राहू शकते. दुसऱ्या दिवशी भरायला घेताना सगळे एकदम बाहेर न काढता दहा-पंधरा समोशांपुरते काढावे.

भरलेले कच्चे समोसे ओल्या फडक्याखाली दिवसभर ठेवण्याऐवजी लगेच गोठवणे हाच शहाणपणाचा मार्ग. त्यासाठी सारण कोरडे हवे. बटाटा उकडताना पाणी शोषतो. वाटाणा, कांदा पाणी सोडतात. हे पाणी गोठताना त्याचे बर्फाचे स्फटिक होतात, पारीला भेगा पडतात आणि तळताना तेच पाणी तेलात उतरून तडतडते. बटाटे गार झाल्यावर कुस्करावेत, वाटाणा निथळून घ्यावा, कांदा घालायचाच तर पाणी आटेपर्यंत परतावा. खिमा अगदी सुटा आणि कोरडा होईपर्यंत शिजवावा. समोसे एकमेकांना न चिकटता ताटात मांडून ताट फ्रीझरमध्ये ठेवावे आणि दगडासारखे झाले की पिशवीत भरावेत. पिशवीतली हवा काढावी, वर तारीख लिहावी. उणे १८ अंशांवर ते महिना-दोन महिने चवीला चांगले राहतात.

काही जणी समोसे अर्धवट तळून ठेवतात. पारी जेमतेम धरेपर्यंत मंद आचेवर तळायचे, निववायचे, गोठवायचे आणि आयत्या वेळी पुन्हा तळायचे. वेळ वाचतो, पारी खुसखुशीत होते. पण तेल दोनदा आत जाते आणि सारण पुन्हा एकदा कोमट होऊन जंतूंच्या टापूत येते. ही पद्धत वापरायची तर निववण्याची घाई इथेही तितकीच हवी. कच्चेच गोठवणे अधिक सरळ.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते, एवढे मात्र पक्के लक्षात असावे. म्हणून समोसे दुपारीच बाहेर काढून ओट्यावर वितळायला ठेवू नयेत. फ्रीझरमधून थेट कढईत जावेत. त्यावरचे हिमकण झटकून टाकावेत, नाहीतर तेल अंगावर उडते. सणासुदीला भाजून येणाऱ्यांमध्ये कढईच्या तेलाने होरपळलेले हात असतातच. तेल मध्यम तापलेले हवे, साधारण १५० ते १६० अंश. एका वेळी चार-पाचच सोडावेत, कारण गोठलेला समोसा तेलाचे तापमान झपकन खाली आणतो. मंद आचेवर वेळ देऊन तळावे आणि पहिल्या घाण्यातला एक समोसा मोडून पाहावा. मधोमध वाफ निघाली पाहिजे. एअर फ्रायर वापरणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू. तेल कमी लागते हा त्याचा फायदा खरा, पण बाहेरचा रंग आतल्या तापमानाची हमी देत नाही.

वेळ वाचवण्याच्या नादात आणखी एक गोष्ट होते. सोमवारी तळलेले तेल कढईतच झाकून ठेवले जाते आणि शनिवारपर्यंत तेच तापत राहते. एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात ते मोजण्याचे साधन नसते. तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला, भाजीला संपवावे आणि पुन्हा तळणीला घेणे शक्यतो टाळावे. काळपट, चिकट, फेसाळ झालेले किंवा लवकर धुराळणारे तेल टाकूनच द्यावे. तळलेले समोसे निथळायला वर्तमानपत्रावर ठेवू नयेत, ही सूचना वर्तमानपत्रातच छापावी लागते हा त्यातला गमतीचा भाग. छपाईच्या शाईतली रसायने गरम तेलात उतरतात.

मग प्रश्न येतो घरच्या फ्रीझरचा. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ अंश गाठत नाही आणि दार उघडले की त्याचीही थंडी जाते. तिथले समोसे आठवड्याभरात संपवलेले बरे. वीज गेली तर दार उघडू नये. पूर्ण भरलेला चांगला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. खालच्या फ्रीजच्या कप्प्याला मात्र चारच तास मिळतात, आणि जुन्या, सैल दाराच्या फ्रीजला तेवढेही नाही. वीज आल्यावर समोशात बर्फ जाणवत असेल तर ते पुन्हा गोठवता येतात, चव थोडी उतरेल. मऊ आणि कोमट झाले असतील तर पुन्हा गोठवून लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. पन्नास समोसे टाकून देताना जीव तुटतो, हे खरेच.

चटणीकडे कोणाचे लक्ष नसते. चिंच-गुळाची चटणी आंबटपणामुळे आणि गोडामुळे फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकते. कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणी मात्र कच्ची असते. पालेभाजीवरची माती आणि वाटताना घातलेले पाणी, दोन्ही तिच्यात येतात. समोसे महिनाभर आधी केले तरी हिरवी चटणी त्याच दिवशी, उकळून गार केलेल्या पाण्यात वाटावी.

एवढे करूनही कोणी आजारी पडलेच, तर वेळ पाहावी. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत अचानक उलट्या सुरू झाल्या तर तयार विषाचा संशय. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब झाले तर खिम्यातल्या जंतूचा. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. ओआरएसचे पाणी थोडे थोडे, वारंवार पाजणे हाच मुख्य उपचार. घरात पडलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी अशा वेळी उपयोगाची नाही, कारण विषावर तिचा परिणाम होत नाही. लहान बाळ, गर्भवती, वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी मात्र थांबून पाहण्याची मुदत कमी. लघवी कमी झाली, ग्लानी आली, पाणीही पोटात ठरेना, जुलाबात रक्त दिसले किंवा ताप चढला, तर रात्रीच रुग्णालय गाठावे. एकाच वेळी घरातले किंवा समारंभातले अनेक जण आजारी असतील तर उरलेले समोसे फेकू नयेत. झाकण घट्ट लावून, ‘खाऊ नये’ असे लिहून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि डॉक्टरांना तसे सांगावे. तपासणीसाठी तो नमुना लागतो, आणि बहुतेक वेळा रुग्ण दाखल होईपर्यंत भांडी घासून झालेली असतात.