‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे

मुलाच्या रक्ताच्या अहवालात ‘शिसे आढळले नाही’ असे वाचून पालक निर्धास्त होतात. पण शिसे नसलेल्या कोऱ्या नमुन्यातही यंत्र थोडाफार आकडा दाखवतेच. म्हणून असे नमुने पुन्हा पुन्हा मोजतात आणि त्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवून शोधमर्यादा ठरवतात. त्याखालचे शिसे यंत्राला खात्रीने ओळखता येत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेणाऱ्या एका प्रचलित यंत्राचे मोजमाप डेसिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅमपासून सुरू होते. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांसाठी ठरवलेला संदर्भ आकडा आहे ३.५. अंतर एवढेसे! शिशाची सुरक्षित पातळीच ठाऊक नसताना प्रयोगशाळांनी ही मर्यादा अहवालावर छापलीच पाहिजे. आकडा काठावरचा असेल, तर शिरेतले रक्त घेऊन पुन्हा तपासावे.