घराचा फोटो आणि कॅमेऱ्याचा हिशेब



घर, प्लॉट, शेतघर विकायचे म्हटले की आता आधी फोटो लागतो. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून मोबाईलवर फोटो पाहते, मनात भरला तरच गाडी काढते. त्यामुळे घरांचे फोटो काढून देणे हा तालुक्याच्या गावी एक बरा जोडधंदा होऊ शकतो. पण पोराने किंवा पोरीने कॅमेऱ्यासाठी पैसे मागितले, की घरात प्रश्न पडतो : म्हैस विकायची, की कर्ज काढायचे? आमचे सांगणे असे, की दोन्हीही नको. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.

दुकानदार आधी मेगापिक्सलचे आकडे सांगेल. त्याला भुलू नका. १२ मेगापिक्सलचा फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच असतो. मोबाईलवर पाहायला एवढे पुष्कळ झाले. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीचा जुना कॅमेराही या कामाला चालतो.

खरी अडचण असते ती खोलीत. खोलीचा कोपरा ९० अंशांचा. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स आडवे फार तर ६५ अंशांपर्यंत पाहते. म्हणजे कोपऱ्यात पाठ लावून उभे राहिले तरी दोन्हीकडच्या भिंती पुऱ्या येत नाहीत. १० मिलिमीटरची लेन्स ९० अंशांहून थोडे जास्तच पाहते. कॅननने २०१४ साली काढलेली १०-१८ ची लेन्स अशीच आहे, आणि तिच्या जातीत ती स्वस्तातली गणली जाते. तेव्हा कॅमेरा जुना घ्या, पण पैसा लेन्समध्ये घाला. ती लेन्स त्या कॅमेऱ्याला बसते ना, हे मात्र आधी विचारा.

दुसरा खर्च तिवईचा. घरात उजेड कमी, खिडकीबाहेर लख्ख ऊन. एकाच फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. कॅमेरा तिवईवर पक्का ठेवून एक उजळ, एक मध्यम, एक काळपट असे तीन फोटो काढावे आणि मग ते एकत्र करावे. कॅमेरा छातीच्या उंचीवर, अगदी सपाट धरावा. वर-खाली झुकला की दाराच्या चौकटी तिरक्या दिसतात.

जुना माल घेताना लेन्समधून बॅटरीचा झोत पाडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजा आणि सौदा सोडा. शटर किती वेळा उडाले तेही विचारा. साध्या कॅमेऱ्यांचे शटर सुमारे १ लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले असते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. रुंद लेन्समधून दहा-बाराची खोली दिवाणखान्याएवढी दिसते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. गिऱ्हाईक घर पाहायला येणारच आहे. खोलीची लांबी-रुंदी फोटोखाली फुटांत लिहा. भिंतीची ओल लपवू नका. आणि तुम्ही स्वतः घेणारे असाल, तर सातबारा, येण्याजाण्याची वाट आणि उन्हाळ्यातले पाणी फोटोत दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

मग सुरुवात कशी करावी? घरात जो मोबाईल आहे तोच घ्या. पुष्कळ मोबाईलांत रुंद दिसणारी दुसरी लेन्स असते. एक साधी तिवई आणा. आपले घर, शेजाऱ्याचे घर, भाऊबंदांचा वाडा यांचे फोटो महिनाभर काढून पाहा. पैसे देणारी चार कामे आली, तर त्या कमाईतून जुना कॅमेरा आणि लेन्स घ्यावी. नाही आली, तर गेली फक्त तिवई. म्हैस दावणीलाच आहे!