ताबा नको, सकाळचे चार तास द्या

सकाळी दहाच्या सुमारास शहरातल्या कुठल्याही कष्टकरी वस्तीत फेरी मारावी. दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत वीस-पंचवीस मुले मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. एका भिंतीला घरमालकाचे कपाट, त्यावर अंथरुणांची चळत, दाराच्या चौकटीला टांगलेला वजनकाटा, कोपऱ्यात रजिस्टरांची पत्र्याची पेटी. फळांचे, प्राण्यांचे तक्ते दोरीवर लटकवलेले असतात, कारण मालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही. तिथून पाच मिनिटांवर सार्वजनिक निधीतून बांधलेले समाजमंदिर असते. फरशी आहे, पंखे आहेत, संडास आहे, आणि दाराला कुलूप आहे. संध्याकाळी तिथे मंडळाची बैठक भरते, अधूनमधून बारसे, साखरपुडा होतो. सकाळी मात्र तिकडे कोणी फिरकत नाही.

कुलपाच्या आतली ती सकाळ तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळावी, एवढाच हा प्रश्न आहे. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या दारात नेली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांपासून सुरू झाली, त्यांत मेळघाटातले धारणी होते आणि मुंबईतली धारावीही. धारणीत निदान घरापुढे मोकळी जागा होती. धारावीत ती पहिल्या दिवसापासून नव्हती आणि आज पन्नास वर्षांनंतरही नाही.

केंद्र सरकारच्या निकषानुसार अंगणवाडीची इमारत किमान 600 चौरस फुटांची असावी, तिला स्वयंपाकाची वेगळी जागा, कोठीची खोली आणि मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे. काही वर्षांपूर्वी याच केंद्र सरकारने महानगरातल्या अंगणवाडीसाठी भाड्याची मर्यादा ठेवली होती महिना 6,000 रुपये. एवढ्या पैशांत मुंबई-पुण्यात 600 चौरस फूट कोण देतो? म्हणून मिळेल ती खोली घ्यायची. भाडे थकते, मालक तगादा लावतो, प्रसंगी सेविकेला पदरमोड करावी लागते. सेविकांच्या संघटना हे वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. मालकाच्या मुलाचे लग्न ठरले की खोली रिकामी करावी लागते. अंगणवाडी रस्त्यापलीकडे हलली, तर निम्मी मुले गळतात, कारण तीन वर्षांच्या पोराला वाहता रस्ता ओलांडून कोणी पाठवत नाही. पटावरची ही गळती मग ‘पालकांची अनास्था’ म्हणून नोंदवली जाते.

निदान अंगणवाडीला सरकारी भाडे तरी आहे. महिला मंडळे आणि छोट्या संस्था वस्तीत ज्या बालवाड्या चालवतात, त्यांना तेही नाही. ‘प्रथम’ या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्यांचे जाळे विणले, ते इमारती उभारून नव्हे, देऊळ, शिक्षिकेचे घर, मंडळाची खोली, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरला. बालवाडी स्वस्तात उभी राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पण मागून मिळालेली जागा मागून घेतलीही जाते, आणि मग वर्ग उठतो.

मग महापालिका आपल्या इमारती का देत नाहीत? याचे उत्तर कायद्यात आहे आणि इतिहासातही. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमातले कलम 79 सांगते की, पालिकेची मिळकत चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. 2019 च्या नियमांनी त्यावर कडी केली आणि भाडे बाजारमूल्याच्या किमान आठ टक्के ठरवले. ओरड झाल्यावर हा दर पुढे बराच खाली आणावा लागला. त्याच सुमारास नाशिकमध्ये समाजमंदिरे, अभ्यासिका, व्यायामशाळा यांना सील ठोकले गेले, संस्थांना रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी बाजारमूल्य दरांच्या हिशेबाने भाड्याच्या नोटिसा गेल्या. दहावीची मुले जिथे अभ्यासाला बसत, ती खोली आणि दुकानाचा गाळा कागदावर एकाच मापाने मोजले गेले.

मात्र प्रशासनाची भीती खोटी नाही. नाममात्र भाड्याने दिलेली समाजमंदिरे कोणाच्या ताब्यात गेली, हे प्रत्येक प्रभागात ठाऊक असते. कुठे माजी नगरसेवकाचे संपर्क कार्यालय झाले, कुठे वातानुकूलित जिम, कुठे लग्नाचा हॉल. एक रुपया भाडे भरून हजारो रुपये कमावणाऱ्या ‘सेवाभावी’ संस्थांनीच खऱ्या बालवाडीची वाट बंद केली आहे.

म्हणूनच मागणी बदलायला हवी. बालवाडीला इमारतीचा ताबा नको. तिला सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते एक हा वेळ हवा, लेखी, आणि निदान तीन वर्षांसाठी. किल्ली पालिकेकडेच राहावी, मालकीचा प्रश्नच येऊ नये. भाडे मिळकतीच्या किमतीवर न ठरवता वीज, पाणी आणि झाडलोट यांच्या प्रत्यक्ष खर्चावर ठरावे. अकरा महिन्यांचा करार इथे कुचकामी आहे. जूनमध्ये आलेले मूल पुढच्या जूनमध्येही त्याच खोलीत यावे लागते, आणि दर वर्षी करारासाठी चपला झिजवणाऱ्या बाईंना शिकवायला वेळ उरत नाही.

एकच सभागृह अनेकांनी वाटून वापरणे अवघड नाही. इंग्लंडमध्ये 1961 मध्ये बेल टुटाएव या लंडनमधल्या तरुण आईने ‘गार्डियन’ला पत्र लिहून पालकांना स्वतः खेळवर्ग काढायचे आवाहन केले, पुढच्या वर्षी त्यातून देशव्यापी संघटना उभी राहिली. यातले कितीतरी वर्ग चर्चच्या सभागृहांत भरले, आणि आजही अनेक भरतात. सकाळी खेळणी मांडायची, दुपारी आवरून ठेवायची, संध्याकाळी तिथे दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम. यात गुरुकिल्ली म्हणावी अशी वस्तू एकच: कुलूप लागणारे कपाट. ते नसेल तर ठोकळे, रंग आणि रजिस्टरे रोज डोक्यावर वाहून न्यावी लागतात आणि महिन्याभरात उत्साह संपतो. करारात खोलीबरोबर कपाटाचाही उल्लेख हवा, तो यासाठी.

काही ठिकाणी तर जागा कायद्यानेच ठेवलेली आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत ठरावीक कुटुंबसंख्येमागे बालवाडी बांधणे बंधनकारक आहे, आणि विकासकाला तिच्यासाठी चटईक्षेत्रात सवलतही मिळते. खोली बांधली जाते, सोसायटीकडे जाते. पुढे तिथे मुले बसतात की जुने फर्निचर, हे फारसे कोणी पाहत नाही.

पैशांचे काय, असा प्रश्न येईल. रोजचे चार तास पंखे आणि दिवे चालवायला लागणारा खर्च हा खासगी खोलीच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. अंगणवाडीच्या बाबतीत तर तो सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. सुरक्षेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रात्री जिथे बैठका होतात, तिथे सकाळी बाटल्या आणि थोटके सापडणे नवे नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी सभागृह वापरणाऱ्याकडून अनामत घ्यावी आणि स्वच्छ न सोडल्यास ती जप्त करावी. निवडणुकीत मतदान केंद्र उभारायचे असेल, तर आधी सूचना आणि जवळची पर्यायी जागा द्यावी, हेही करारात असावे.

सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी स्पष्ट केले होते की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी लागेल. शहरी झोपडपट्ट्यांनाही हा हक्क आहे. शहरात हा आदेश अडतो तो बहुतेक वेळा जागेपाशी. तेव्हा पहिले काम प्रभाग समित्यांचे आहे: आपल्या हद्दीतली समाजमंदिरे, विरंगुळा केंद्रे, शाळांतल्या रिकाम्या खोल्या यांची यादी करावी, प्रत्येकीसमोर ती आठवड्यातले किती तास वापरात असते आणि किल्ली कोणाकडे असते हे लिहावे, आणि ती यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी. वस्तीतल्या महिला मंडळांना अर्ज नेमका कुठल्या खोलीसाठी करायचा, हे त्यावरून कळेल.