गोळी घ्यावी, पण समजून घ्यावी

गेल्या वर्षी वर्षावासाच्या एका कार्यक्रमात भोजनदान आटोपल्यावर एका तरुण भगिनीने आम्हां पतीपत्नीला बाजूला बोलावले. लग्न होऊन ती नुकतीच इंग्लंडला आली होती. सामानात सहा महिने पुरतील एवढ्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या होत्या. शाळेत असताना तिला फिट येऊ लागल्या. या गोळ्यांनी त्या थांबल्या, ती शिकली, नोकरीला लागली. आता घरात बाळाचा विषय निघू लागला होता. "दादा, वहिनी, या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर काही होत नाही ना?" हा प्रश्न तिने कोणत्याही डॉक्टरला विचारला नव्हता, आणि कोणत्याही डॉक्टरने तो तिच्यापुढे काढला नव्हता. सासरी तर आजाराचाच पत्ता नव्हता.

आम्ही दोघेही संगणक अभियंते; वैद्यकीय सल्ला देण्याचा आम्हांला अधिकार नाही. "गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस आणि याच आठवड्यात जीपीला भेट," एवढेच आम्ही सांगितले. परंतु हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्हॅल्प्रोएट हे वाईट औषध नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मूळ आम्ल १८८२ मध्ये तयार झाले आणि कित्येक दशके ते प्रयोगशाळेत निव्वळ द्रावक म्हणून वापरले जात होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील संशोधक दुसऱ्याच पदार्थांची चाचणी घेत असताना, ते पदार्थ ज्या द्रावकात विरघळवले होते तोच झटके रोखतो, असे ध्यानात आले. १९६७ मध्ये ते औषध म्हणून फ्रान्सच्या बाजारात आले. मेंदूतील पेशींचे अनावर उद्दीपन ते शांत करते. म्हणून अपस्माराच्या अनेक प्रकारांत, तसेच बायपोलर विकारातील उन्मादाच्या अवस्थेत त्याचा उपयोग होतो. असंख्य माणसे या गोळीमुळे सुरळीत आयुष्य जगत आहेत.

पण तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वजन वाढणे, हात थरथरणे, केस गळणे हे त्रास तर होतातच. क्वचित यकृताला किंवा स्वादुपिंडाला गंभीर इजा होते. सततच्या उलट्या, तीव्र पोटदुखी, कावीळ किंवा असाधारण गुंगी दिसली तर एक दिवसही थांबू नये. सर्वांत मोठा धोका मात्र गर्भाला आहे. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे ११ बाळांत गंभीर जन्मदोष आढळतात. एरवी हे प्रमाण २ ते ३ असते. शिवाय दर १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येऊ शकतात.

ही माहिती स्त्रियांपर्यंत का पोहोचली नाही, याचा इतिहास आपण विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. झटकेरोधक औषधांपासून गर्भाला धोका संभवतो, ही शंका १९७३ मध्येच ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीपुढे होती. डॉक्टरांना ते कळवावे, पण रुग्णांच्या हाती पडेल अशा पत्रकावर छापू नये, उगाच चिंता निर्माण होईल, असे तेव्हा ठरले. ज्या स्त्रीच्या उदरात ते बाळ वाढणार, तिलाच ज्ञानापासून दूर ठेवले गेले, आणि तेही तिच्या भल्याच्या नावाखाली. हे कारण आपल्या समाजाच्या फार जुन्या ओळखीचे आहे.

ही कोंडी फोडली ती मातांनी. स्वतःच्या मुलांना इजा झालेल्या जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१८ मध्ये गर्भधारणा टाळण्याचा कडक कार्यक्रम लागू झाला. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या अहवालाने, यंत्रणेने रुग्णांचे ऐकले नाही, हे उघडपणे मांडले. जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणालाही, स्त्री असो वा पुरुष, हे औषध नव्याने सुरू करायचे असल्यास दोन तज्ज्ञांची संमती लागते. पुरुषांनीही हे औषध घेत असताना आणि बंद केल्यावर तीन महिने संततिनियमन करावे, असा सल्ला आता दिला जातो.

पण यंत्रणेला दोष देऊन आपली सुटका होत नाही. फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावणारे, बाहेरची बाधा म्हणणारे घर आपण मागे सोडले, याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र मुलीचे लग्न जुळवताना "आजाराचे बोलू नकोस" असे आपणही सांगतोच. लपवलेल्या आजाराची गोळी लपूनच घ्यावी लागते. मग तिच्याविषयी प्रश्न विचारायचा कोणाला? जी माहिती १९७३ मध्ये समितीने अडवली, ती आज आपण घरातच अडवत आहोत. डॉक्टरांपुढे मान डोलावणे म्हणजे विज्ञाननिष्ठा नव्हे. प्रश्न विचारणे ही विज्ञाननिष्ठा आहे.

करायचे काम अवघड नाही. भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे जीपीला दाखवावीत. गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रीने दरवर्षी तज्ज्ञाबरोबर बसून धोक्याची माहिती देणारे पत्रक समजून घेऊनच सही करावी. इंग्रजी अपुरे पडत असेल तर दुभाषी मागावा. सरकारी आरोग्यसेवेत त्याचे पैसे पडत नाहीत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम ही औषधे गरोदरपणात अधिक सुरक्षित मानली जातात, पण ती प्रत्येकाला लागू पडतीलच असे नाही. आणि भीतीपोटी गोळी अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. बदल करायचा तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आणि शक्यतो दिवस जाण्यापूर्वी.

त्या भगिनीने त्याच रात्री पतीला सर्व सांगितले. तो रागावला नाही. रजा काढून तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. आता ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे, आणि बाळाचा निर्णय दोघे मिळून, सारे जाणून घेणार आहेत. आपल्या प्रत्येक घरात असे बोलणे व्हावे, एवढीच अपेक्षा.

जय भीम!