अपराधी जंतू, बदनाम रोगी

जठरातील व्रण म्हणजे काळजीचा आणि तिखट खाण्याचा प्रसाद, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. वैद्यकाचेही मत तेच होते. जठरातील तीव्र आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, हे तर जणू वेदवाक्य! रोग्याला आम्लनाशक औषध आणि मनःशांतीचा उपदेश मिळे. औषध थांबले की व्रण पुन्हा डोके वर काढी. कित्येकांच्या जठराचा भागही कापला गेला.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हे वेदवाक्य खोटे ठरविले. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे प्रयोगशाळेतील तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेले दिसले. तेच आजचे हेलिकोबॅक्टर पायलोरी. तज्ज्ञांनी नाके मुरडली, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच प्राशन केले. थोड्याच दिवसांत त्यांना वांत्या होऊ लागल्या आणि जठराला सूज आली. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक लाभले.

आपण मात्र अजूनही जळजळ झाली की दुकानातून गोळी आणून गिळतो. त्याने आग शमते, अपराधी लपून राहतो. वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतो. म्हणून दुखणे वारंवार उद्भवत असेल, तर तपासणी करून घ्यावी. जंतू आढळल्यास प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण मुदत घ्यावीत. अर्धवट उपचारांनी जंतू निगरगट्ट होतात. रोग्याच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी रोगाचे मूळ शोधावे, एवढा धडा तरी आपण घ्यावा, असे आम्हांस वाटते.